आरशात राहिलेला गाल

१७ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय बारके,

तुझ्या एकाही निरोपाला उत्तर दिलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. कामाचा ढीग होता असं लिहिणार होतो. पण ढीग नेहमीच असतो आणि त्याच्या आडूनही मी तुला आजवर लिहीत आलोय. तेव्हा ते राहू दे. लिहावंसं वाटत नव्हतं. रोजनिशीत मात्र तुझ्याशी रोज भांडत होतो. त्या भांडणात अर्थातच दर वेळी तू हरायचीस, म्हणून त्यातही मजा येईना.

इकडे ठीक. तुझ्या वहिनीने अखेर नवा चष्मा केला. आता तिला घरातली सगळी धूळ दिसायला लागली आहे, त्यामुळे माझे रविवार केरसुणीबरोबर जातात. कामाच्या खोलीत खोटे दात भाजायची नवी भट्टी आली. जुनीचा काही भरवसा राहिला नव्हता, दात एकेक छटा पिवळे निघायचे आणि डॉक्टरीणबाई फोन करून विचारायच्या, "हे तुमचे दात चहा पिऊन आलेत का?" नवी भट्टी गुणी आहे. खालच्या मजल्यावरच्या मांजरीने आमच्या जिन्यात पिल्लं घातली आहेत. टिटवी बरी आहे.

हे शेवटचं वाक्य लिहून मी उठलो, पाणी प्यायलो आणि परत येऊन बसलो. टिटवी बरी नाही. ताप-खोकला काही नाही. पण जिची बडबड ऐकून तूच तिला टिटवी नाव ठेवलंस, ती पोरगी ऑगस्टपासून मोजकं बोलते. आणि त्याला कारण तुझा अल्बम आहे. बघ, आलो शेवटी मुद्द्यावर.

तिच्या डाव्या कपाळावरून गालावर आणि तिथून जबड्यापर्यंत उतरलेला तो डाग तू माझ्याही आधी पाहिलास. दवाखान्यातल्या पाळण्यावर वाकून तू म्हणाली होतीस, "दादा, हिच्या गालावर कुणी काळी द्राक्षं कुस्करलीत रे?" आणि त्या खोलीत सगळ्यात आधी तू हसली होतीस, म्हणून आम्हाला हसता आलं. ते मी विसरलेलो नाही. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं की अपाय काही नाही. मोठी झाल्यावर तिला वाटलं तर उपचार करता येतील. तिला वाटलं तर. हे तुझ्या समोरच सांगितलं होतं.

दहा वर्षं तो डाग तिच्याबरोबर आहे. थंडीत गडद होतो, हसली की पसरतो, खोटं बोलताना कडेने लालसर होतो आणि आम्हाला चोरी कळते. आणि तुझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ज्या ज्या पानावर टिटवी आहे, तिथे तो नाही. नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्यांवर नाही, जेवणाच्या टेबलाशी नाही, तुझ्या कडेला लटकून नाचतानाही नाही. त्या जागी कणीक मळून थापावी तसा गुळगुळीत, कुणाचाच नसलेला गाल आहे. डोळे तिचे, फ्रॉक तिचा, गुडघ्यावरचं खरचटलेलंही तिचं. ते बरं ठेवलंत.

तू फोन केलास तेव्हा काय म्हणालीस ते मी शब्दश: लिहून ठेवलं आहे, कारण पुढे तू म्हणशील, दादा तू वाढवून सांगतोस.

"मिळाला ना? टिटवी बघितलीस? कशी दिसते ना!"

"तिचा डाग कुठे आहे?"

"काढून घेतला." तांदळातला खडा काढावा तसं.

"कुणाला विचारून?"

"अरे, विचारायचं काय त्यात? सरप्राइज होतं. मोठेपणी अल्बम बघताना तिला वाईट वाटायला नको. दादा, खरं सांगू, मला वाटलं होतं तू थँक्यू म्हणशील."

मी फोन ठेवला. थँक्यू! बारके, भेट द्यायची तर माणसाने स्वत:च्या पदरचं काही द्यावं. दुसऱ्याच्या लेकीचा गाल परस्पर बदलून तो तिलाच भेट म्हणून द्यायचा, ही कसली दानत? आयजीच्या जिवावर बायजी उदार.

नंतर तुझा तो निरोप आला: "खोटे दात करणाऱ्याने मला खऱ्याखोट्याचं शिकवू नये." वाचून मी आधी संतापलो आणि मग, माझा स्वभाव तुला माहीत आहे, विचार करत बसलो. बरेच दिवस बसलो. दातांना मेण लावताना, साच्यात प्लास्टर ओतताना हेच. कारण तू बोललीस ते अगदीच खोटं नव्हतं. मी रोज खोटं करतो. नुसतं खोटं नाही, ते खरं वाटावं म्हणून मुद्दाम एखादा दात किंचित वाकडा बसवतो, कडेला हलकी चीर रंगवतो. माझ्या हातचे दात ओळखू आले तर मी नापास. मग मी कोणत्या तोंडाने बोलतोय?

मग मला मागच्या महिन्यातले निवृत्त बस ड्रायव्हर आठवले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना रंग जुळवायला माझ्याकडे पाठवलं होतं. येताना स्वत:चा तरुणपणीचा फोटो घेऊन आले. पुढच्या दोन दातांत ही एवढी फट. म्हणाले, "ही ठेवा बरं का. बुजवलीत तर बायको दार उघडायची नाही." मी ठेवली. त्याच आठवड्यात एक बाई आल्या, त्यांना कागदासारखे पांढरे हवे होते. मी म्हटलं, वयाला शोभायचे नाहीत. त्या म्हणाल्या, "वय माझं आहे ना? मग मी बघते काय शोभतं ते." त्यांना पांढरे करून दिले. तोंड त्यांचं. आधी मेणाचे बसवून आरसा हातात देतो, माणूस हसून बघतो, हो म्हणतो, मगच पुढचं काम. कुणी खुर्चीत झोपलेला असताना मी त्याचे दात बदलून ठेवत नाही, आणि जागा झाल्यावर थँक्यूची वाट बघत नाही.

फोटोत काही करूच नये, असंही मला म्हणायचं नाही. हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांत सगळे काविळीचे रोगी दिसत होतो, तो रंग सुधारला, उत्तम केलं. तुझ्या मागचं अग्निशामक नळकांडं पुसलं, माझी तक्रार नाही. तुझ्या हनुवटीवर ऐन लग्नाच्या दिवशी मुरूम आला होता, तोही गेला. जाऊ दे बिचारा. मुरूम पाहुणा असतो, आठवड्याने जाणारच असतो, त्याला आठवडाभर आधी निरोप दिला एवढंच. टिटवीचा डाग पाहुणा नाही. तो घरचा आहे. त्याला पुसलंस म्हणजे तू तिला सांगितलंस की माझ्या आनंदाच्या दिवशी तू आलीस ते छान, पण जरा वेगळी येतीस तर बरं झालं असतं.

आणि तिला हे नेमकं तसंच कळलं.

तुमच्या कारागिराच्या हातून एक चूक राहिली आहे. तू बहुधा पाहिली नसशील; वधू स्वत:ला बघते, बाकीच्यांना कोण बघतं! तयारीच्या खोलीतला तो फोटो काढ. तू आरशासमोर बसली आहेस, टिटवी तुझ्या केसांसाठी पिना घेऊन बाजूला उभी आहे. बाहेरच्या टिटवीचा गाल साफ आहे. आरशातल्या टिटवीचा तसाच आहे, पुरता, कपाळापासून जबड्यापर्यंत. एकाच फोटोत एकाच पोरीचे दोन चेहरे, हातभर अंतरावर.

तिनेच तो शोधला. माझ्याकडे अल्बम घेऊन आली, आरशावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, इथलं पुसायला विसरले ते."

रडली नाही, चिडली नाही. एखाद्याच्या गृहपाठातली चूक दाखवावी तशी म्हणाली. बारके, ती रडली असती तर मी एवढा संतापलो नसतो.

त्यानंतर वर्गाचा फोटो होता, त्या दिवशी तिचं पोट दुखलं. आत्तापर्यंत कधी दुखलं नव्हतं. जेवताना आता टेबलाच्या त्या टोकाला बसते, जिथे तिची डावी बाजू भिंतीकडे होते. तुझी वहिनी तिचं ताट त्या टोकाला मांडायला लागली. बाहेरच्यांची मला कधी पर्वा नव्हती. बसमध्ये कुणी टक लावून बघितलं तर टिटवी त्यांना सांगायची, "द्राक्षं आहेत." तुझाच शब्द. बाहेरच्यांना पुरून उरायला जिने तिला शिकवलं, तीच आतून...

आता पुरे. हात दुखला. उरलेलं मग.


१९ नोव्हेंबर, मंगळवार संध्याकाळ

पत्र इथेच थांबवून पाकिटात घालणार होतो. पण नुसता राग पाठवून काय होणार? म्हणून आज काम लवकर आटपून तुझ्या फोटोवाल्याकडे जाऊन आलो. चपलांच्या दुकानावरची ती अरुंद खोली. भांडायच्या तयारीने गेलो होतो. माणूस निघाला भला, आणि भल्या माणसाशी भांडणं फार कठीण. त्याने स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला.

"साहेब, लोक काय काय सांगतात तुम्हाला कल्पना नाही," म्हणाला. "हनुवटी कमी करा, पोट कमी करा. एकाने तर अख्खा मेहुणा कमी करायला सांगितला. सगळ्यांना फोटोत स्वत:च हवे असतात, पण थोडे कमी."

मी म्हटलं, "माझ्या मुलीने सांगितलं नव्हतं."

त्याने की-बोर्ड बाजूला सारला. मग म्हणाला, "मलाही बरं वाटलं नव्हतं. लहान पोर. मी ताईंना विचारलं होतं, नक्की ना? त्या म्हणाल्या, घरच्यांना विचारलंय, सगळ्यांना चालेल."

बारके, हे वाचताना तुझी मान खाली गेली असेल अशी मला आशा आहे. घरच्यांना विचारलंय? कोणत्या घरच्यांना? मी घरचा नाही? तिची आई घरची नाही? म्हणजे फोटोत खोटं करायच्या आधी तुला तोंडाने खोटं बोलावं लागलं. विचारायचं काय त्यात, असं मला म्हणालीस. पण विचारायला हवं होतं हे तुला ठाऊक होतं. नाहीतर विचारलंय असं का सांगितलंस? आजवर मला राग होता तो तुझ्या अडाणीपणाचा होता. आता तेवढीही सवलत राहिली नाही.

मी त्याला आरशाचा फोटो दाखवला. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, वाकून बघितलं आणि खरोखर ओशाळला. "अरेरे. आरसा राहिलाच की! माझं लक्षच नाही गेलं. बसा साहेब, आत्ता साफ करून देतो. पैसे नकोत, आमचीच चूक."

मला हसावं की ओरडावं कळेना. तो माऊस हातात घेऊन बसलासुद्धा होता. संबंध अल्बममध्ये जो एक गाल खरा उरला होता, तो माझ्या डोळ्यांदेखत मला फुकट पुसून मिळणार होता. मी त्याचा हात धरला. अनोळखी माणसाचा हात मी असा कधी धरला नव्हता. तो दचकला. "नको?" म्हणाला. मी म्हटलं, "तोच तेवढा ठेवा."

मग मूळ फोटोंचं विचारलं. ते आहेत. त्याने पडद्यावर मला एक दाखवला: पायऱ्यांवर टिटवी, सूर्य तोंडावर, डोळे मिचकावलेले, डाग उन्हात चांगला तापलेला, वरचा एक दुधाचा सुळा नुकताच पडलेला. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. त्याने चहा माझ्या हातात आणून दिला. पण प्रत तो देईना. "ज्यांचं लग्न, त्यांचं काम. ताईंनी सांगितल्याशिवाय मूळ फोटो मी कुणाला देत नाही. उद्या आणखी एखादा नातेवाईक येऊन काही मागेल, मग?" हे त्याचं म्हणणं मला पटलं, हे कबूल करायला हवं. निदान तो तरी विचारल्याशिवाय काही देत नाही.

आता लक्ष देऊन वाच. अल्बम दिलेल्या लग्नांचे मूळ फोटो तो महिनाअखेरीला पुसतो. जागा करायची असते, पुढची लग्नं येतात. तुझं लग्न या खेपेच्या यादीत आहे. त्यानंतर त्या दिवशीची टिटवी कुठेच नसणार. असेल ती फक्त त्या आरशात, तीही अर्धी.

घरी येऊन हे सगळं तुझ्या वहिनीला तावातावाने सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुला ते जुने फोटो हवेत."

"मला नाही, टिटवीला."

"ती म्हणाली तसं?"

मी म्हटलं, "यात म्हणायचं काय?" आणि बोललो तेव्हाच माझ्या कानांना ते वाक्य ओळखीचं वाटलं.

तिने सुरी खाली ठेवली. "तुम्ही दोघं बहीणभाऊ तीन महिने त्या पोरीच्या गालावर पाट मांडून भांडताय. बारकी म्हणते पुसला तर बरं, तू म्हणतोस राहिला तर बरं. गाल जिचा तिला कुणी विचारलंय का? आणि अल्बम आला त्या दिवशी तू काय म्हणालास, ते मी दारातून ऐकलं होतं. मला वाटलं आज सांगशील, उद्या सांगशील."

तर ते आता लिहितो. रोजनिशीतही लिहिलेलं नाही.

अल्बम टिटवीने उघडला होता. मी नंतर तिच्या खांद्यावरून डोकावलो. पहिल्याच पानावर ती होती, एकटी, हातात तुझी फुलं. मी बघितलं आणि मोठ्याने म्हणालो, "अरे वा! काय सुंदर आलीये माझी टिटवी!"

डाग नाही हे मला दिसलंच नव्हतं. शपथेवर सांगतो. मी नुसता चेहरा पाहिला आणि मनात आलं ते बोललो. पण तिला आधीच दिसलं होतं. ती फोटोकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी अजून हसत होतो. मग हळूहळू मला कळलं, आणि मी ओरडायला लागलो, कुणी केलं हे, कुणी केलं. पण तोवर तिने अल्बम मिटला होता. "हं," एवढंच म्हणाली. टिटवीच्या तोंडून नुसतं "हं" मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

पोट दुखलं, भिंतीकडची बाजू, हे सगळं मी तुझ्या नावावर टाकलं. त्यातलं तुझं किती आणि माझं किती, ते मला वेगळं काढता येत नाही. आणि याहून वाईट विचार मला भट्टीपुढे बसलो असताना येतो. डाग असलेला तोच फोटो पहिल्या पानावर असता, तर मी तसाच, तेवढ्याच चटकन, सुंदर म्हणालो असतो का? हो, असं मला लिहायचं आहे. आजवर मी तिला शेकडो वेळा सुंदर म्हटलं असेल. पण दर वेळी आधी एक क्षण जातो, पायरी चढताना पाय नीट ठेवावा तसा. त्या दिवशी तो क्षण गेला नाही. तिला तो क्षण जन्मापासून माहीत असणार. तो गायब झालेला तिला कळल्याशिवाय राहील?

पण हे वाचून तू सुटकेचा श्वास सोडू नकोस. माझ्या चुकीने तुझी चूक तसूभरही लहान होत नाही. मी चुकीचं बोललो. बोललेलं निस्तरता येतं, निदान खटपट करता येते. तू तिच्याकडून निवडच काढून घेतलीस. उद्या तिने म्हटलं, मला डाग नकोच, मोठी झाल्यावर मी उपचार घेणार, तर मी तिचा हात धरून दवाखान्यात जाईन. ते तिचं म्हणणं असेल. पण तेव्हाही, दहा वर्षांची असताना मी कशी होते, हे बघायला तिच्याकडे फोटो असला पाहिजे. ठेवायचा की फाडायचा ते ती बघेल. तो फाडायचा हक्क तुला नव्हता, मलाही नाही.

म्हणून तुला एकच सांगतो. विनंती समज, हुकूम समज. हे पत्र मिळेल त्या दिवशी फोटोवाल्याला फोन कर. त्याला सांग, टिटवी आहे ते सगळे मूळ फोटो दादाला दे. आणि हेही सांग की घरच्यांना विचारलं नव्हतं. दुसरं वाक्य तुला जड जाईल, म्हणूनच सांगतोय. गोड केलेले फोटो आम्ही फेकणार नाही. अल्बम तुझ्या लग्नाचा आहे आणि त्यात तू खरंच फार आनंदात दिसतेस, मुरमाशिवायही.

मला फोन करू नकोस. फोनवर आपण दोघंही ओरडतो. लिही. आणि टिटवीला वेगळं लिही, माझ्या पाकिटात घालून नको. तिला काय लिहायचं ते मी सांगणार नाही. जी पाळण्यावर वाकून आधी हसली, तिला ते सुचायला हवं.

राग अजून आहे. नसता तर एवढं लिहिलं नसतं.

तुझाच,
दादा

रोजनिशी आज वेगळी लिहीत नाही, हीच समज. तेव्हा सवयीने खाली उद्याचं काम:

उद्या: टिटवीला विचारायचं, तुला कोणते फोटो हवेत; आणि ती बोलेपर्यंत आपण एक शब्द बोलायचा नाही.